एलिचपूरचा डास, मुंबईची पिसू आणि डॉ. लिस्टन

पावसाळा लागला की वाशीम जिल्ह्यातील गावोगावी आरोग्य कर्मचारी तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने काचपट्टीवर घेत हिंडू लागतात. हे काम सर्वांच्या परिचयाचे आहे. हिवताप विभागातील कीटक समाहारकाचे काम मात्र सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, घराच्या आढ्याखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे विजेरीच्या उजेडात बसलेला डास शोधायचा, काचेच्या नळीने तो अलगद ओढून घ्यायचा आणि मग भिंगाखाली धरून तो कोणत्या जातीचा आहे ते ठरवायचे, असे हे काम. पंखाच्या वरच्या कडेवर किती काळे डाग आहेत, सोंडेच्या दोन्ही बाजूंच्या बारीक दांड्यांवर पांढरे पट्टे किती आणि केवढे आहेत, पायांवर ठिपक्यांची शिंपण आहे की पाय कोरे आहेत, एवढ्यावर हा निर्णय होतो. डासाची लांबी गव्हाच्या दाण्याएवढीही नसते. तरीही त्या निर्णयावर गावात फवारणी करायची की नाही, पाण्याच्या टाक्या तपासायच्या की ओढ्याचे काठ, हे अवलंबून असते.

शास्त्राच्या हिशेबात डास हीदेखील एक माशीच आहे. पंखांची एकच जोडी असलेल्या कीटकांच्या मोठ्या गणात घरमाशी, फळमाशी, वालुमाशी यांच्या पंक्तीला तो बसतो. या बारीक माश्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्याचे जे शास्त्र आज आपल्या हिवताप नियंत्रणाच्या मुळाशी आहे, त्याचा एक महत्त्वाचा धडा आपल्याच वऱ्हाडात, एलिचपुरास गिरवला गेला. तो गिरवणाऱ्या डॉक्टराचे नाव विल्यम ग्लेन लिस्टन. मुंबईच्या प्लेगच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. वऱ्हाडाला मात्र त्याची आठवण फारशी राहिलेली नाही.

लिस्टन यांचा जन्म १८७२ चा. स्कॉटलंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून एकोणिसावे शतक संपता संपता ते 'इंडियन मेडिकल सर्व्हिस'मध्ये दाखल झाले. या सेवेतील तरुण डॉक्टरांना प्रथम लष्करी पलटणींबरोबर राहावे लागे. लिस्टन यांच्या वाट्याला एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर आले.

त्या काळचे वऱ्हाड सहा जिल्ह्यांचे होते आणि त्यांत एलिचपूर व वाशीम हे दोन्ही स्वतंत्र जिल्हे होते. वाशीम जिल्ह्यात तेव्हा वाशीम, मंगरूळ आणि पुसद असे तीन तालुके मोडत. १९०५ च्या फेररचनेत दोन्ही जिल्हे नाहीसे झाले. एलिचपूर अमरावतीत विलीन झाले, तर वाशीमची वाटणी अकोला आणि यवतमाळ यांच्यात झाली. वाशीमला पुन्हा जिल्ह्याचा दर्जा मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. वाशीमच्या दक्षिणेला हिंगोलीस जशी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तशीच एलिचपुराजवळ परतवाड्यास होती. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, ते याच फौजेच्या खर्चापोटी. छावणीच्या मागे मेळघाटचे डोंगर, शेजारून वाहणारी बिच्छन नदी, गावात जुन्या विहिरी आणि हौद. डासांचा अभ्यास करू पाहणाऱ्यास याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

काळही तसाच होता. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने वऱ्हाड मोडून पडले होते. दुसरीकडे वैद्यकाच्या जगात मोठी खळबळ होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली आणि ताप दूषित हवेने येतो ही शेकडो वर्षांची समजूत कोसळली. परंतु रॉस यांच्या शोधात एक मोठी उणीव राहून गेली होती. तो डास कोणत्या जातीचा, हे त्यांना सांगता येत नव्हते. डासांच्या वर्गीकरणाचे पुस्तक त्यांच्यापाशी नव्हते, भारतातील डासांची धड यादीही तेव्हा झालेली नव्हती. पंखांवर ठिपके असलेला डास, करडा डास, पट्ट्यांचा डास अशी स्वतः योजलेली नावे वापरून ते काम भागवीत होते. इटलीत ग्रासी यांनी १८९८ मध्ये माणसाचा हिवताप 'ॲनॉफिलिस' या एकाच प्रजातीच्या डासांतून पसरतो हे दाखवून दिले. तरी भारतापुरता प्रश्न शिल्लकच राहिला. इथे ॲनॉफिलिस एक नव्हता. ते अनेक होते, आणि पहिल्या नजरेला सगळे सारखे दिसत.

छावणीच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टराने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. वर्षभर त्यांनी एलिचपूर परिसरातील ॲनॉफिलिसच्या सवयींचे निरीक्षण केले आणि १९०१ च्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. या लेखाने डासांच्या यादीत एका नव्या जातीची भर घातली. हिवतापाच्या संशोधनासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने भारतात आलेल्या जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्या सन्मानार्थ लिस्टन यांनी तिला 'ॲनॉफिलिस स्टीफेन्सी' हे नाव दिले. रॉस यांनी सिकंदराबादेस पाहिलेला डास बहुधा याच जातीचा होता, असे पुढच्या अभ्यासकांनी मानले. ज्या डासाने हिवतापाचे कोडे सोडवले, त्याचे बारसे चार वर्षांनी वऱ्हाडात झाले, असे म्हणायला हरकत नाही.

ही ओळख कशी पटते ते थोडे समजून घ्यायला हवे, कारण लिस्टन यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली त्यात आहे. स्टीफेन्सीच्या मादीच्या सोंडेलगतच्या दांड्यांवर तीन पांढरे पट्टे असतात. त्यांपैकी टोकाकडचे दोन रुंद असतात. शिवाय त्या दांड्यांवर आणि पायांवर पांढरट खवल्यांचे शिंतोडे असतात. भारतात सर्वत्र विपुल आढळणारा एक दुसरा ॲनॉफिलिस त्या काळी 'रॉसी' म्हणून ओळखला जाई. आज त्याला 'सबपिक्टस' म्हणतात. अंगलटीने तो स्टीफेन्सीशी बराच मिळताजुळता, पण त्याच्या पायांवर शिंतोडे नाहीत. तिसरा 'क्युलिसिफेसीस'. हा लहानखुरा आणि साधा दिसणारा. इतर ॲनॉफिलिस भिंतीवर बसताना अंग तिरके उचलून धरतात. हा मात्र क्युलेक्स डासासारखा भिंतीला जवळजवळ समांतर बसतो, आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. डोंगराळ मुलखातल्या झऱ्या-ओढ्यांत वाढणारा 'फ्लुव्हिॲटिलिस' त्याच्याच चणीचा असतो. दोहोंतला भेद पाहायचा तर पंखाच्या तिसऱ्या लांब शिरेकडे पाहावे. क्युलिसिफेसीसमध्ये ती बहुतांशी काळी असते, फ्लुव्हिॲटिलिसमध्ये बहुतांशी फिकट.

हा निव्वळ हौशी संग्राहकांचा विषय नव्हता. स्टीफन्स आणि त्यांचे सहकारी ख्रिस्टोफर्स यांना कलकत्त्याच्या परिसरात असे आढळले, की रॉसी डासांचे घरांतून अक्षरशः पेव फुटलेले असले तरी त्यांच्या शरीरात हिवतापाचे जंतू मिळत नाहीत. पंजाबात मियाँमीरच्या छावणीत मात्र क्युलिसिफेसीसमध्ये ते मिळाले. म्हणजे घरात सर्वांत जास्त दिसणारा डास हाच गुन्हेगार असतो असे नाही. ही जात कोणती आणि ती कोणत्या पाण्यात वाढते हे ठाऊक नसेल, तर गावातली सगळी डबकी बुजवूनही ताप हटणार नाही. भारतात ॲनॉफिलिसच्या सुमारे ६० जाती आहेत. हिवताप पसरवण्याचे मुख्य काम त्यांपैकी सहाच जाती करतात. खेड्यांत प्रामुख्याने क्युलिसिफेसीस आणि शहरांत स्टीफेन्सी, ही विभागणी आज नोंदवहीतली साधी गोष्ट झाली आहे. १९०१ मध्ये ती कुणालाच ठाऊक नव्हती.

लिस्टन यांनी आपल्याच सेवेतील एस. पी. जेम्स यांच्यासह १९०४ मध्ये कलकत्त्याहून भारतातील ॲनॉफिलिस डासांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती १९११ मध्ये निघाली. लंडनमध्ये थिओबाल्ड यांनी खवल्यांच्या आकारावरून डासांच्या प्रजातींची इतकी विभागणी केली होती, की जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टराने ती वाचून डास ओळखणे दुरापास्त होते. ती विभागणी पुढे टिकलीही नाही. जेम्स-लिस्टन यांचा ग्रंथ सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढेच भांडवल असलेल्या माणसासाठी होता. त्यातील रंगीत चित्रे डॉ. डी. ए. तुरखुड या मराठी डॉक्टरांनी काढली होती, ही गोष्ट मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. डास ओळखण्याच्या पुस्तकात अर्धे शास्त्र चित्रात असते. पायावरचा एखादा पट्टा चित्रकाराने चुकीच्या सांध्यावर रंगवला, तर पुढची पिढी चुकीचा डास मारीत बसते.

हा ग्रंथ तयार होत असतानाच लिस्टन मुंबईस आले होते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती, तेथे ते काम करू लागले.

प्लेग मुंबईत १८९६ मध्ये मांडवी भागात प्रथम दिसला. त्यानंतर सरकारने योजलेले उपाय महाराष्ट्र विसरलेला नाही. घरात शिरून झडत्या, सामानाची होळी, भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशकांचा मारा, आजाऱ्यांची रुग्णालयात आणि घरच्यांची छावणीत रवानगी. त्या संतापात पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इतके करूनही प्लेग हटत नव्हता, कारण तो पसरतो कसा हेच कळलेले नव्हते. माती, कपडे, धान्य, माणसाचा स्पर्श, सगळ्यांवर संशय होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरांच्या पिसवांकडे बोट दाखवले, पण सरकारच्या प्लेग आयोगाला ते पटले नाही. उंदरांवरची पिसू माणसाला चावतच नाही, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता.

इथे लिस्टन यांची एलिचपुरात तयार झालेली नजर कामी आली. इतरांच्या लेखी पिसू म्हणजे पिसू. लिस्टन यांना प्रश्न पडला तो, कुणाची पिसू? माणसाच्या अंगावरची 'प्युलेक्स इरिटन्स', मांजर-कुत्र्यांवरची वेगळी, युरोपातील उंदरांवरची आणखी वेगळी आणि भारतातील उंदरांवर आढळणारी, रॉथशिल्ड यांनी १९०३ मध्ये 'चिऑपिस' असे नाव दिलेली जात वेगळी. युरोपातील उंदराच्या पिसवेच्या मानेवर काट्यांचा कंगवा असतो. माणसाची पिसू आणि चिऑपिस दोन्ही बिनकंगव्याच्या, म्हणून त्यांची गल्लत होणे सहज शक्य होते. डोळ्याजवळचा एक केस माणसाच्या पिसवेत डोळ्याखाली असतो, चिऑपिसमध्ये डोळ्यापुढे. तसेच चिऑपिसच्या छातीच्या मधल्या भागावर एक उभी रेघ दिसते, ती माणसाच्या पिसवेत नसते. युरोपातील उंदराची पिसू माणसाला सहसा चावत नाही हे खरेच होते. त्या निष्कर्षाच्या बळावर भारतातील पिसूलाही निर्दोष ठरवले गेले, ही चूक मात्र भारी पडली.

एप्रिल १९०३ मध्ये मुंबईच्या एका चाळीत उंदीर पटापट मरून पडू लागले. काही दिवसांत ते मरणे थांबले आणि चाळीतील माणसांना पिसवांचा असह्य उपद्रव सुरू झाला. पाठोपाठ प्लेगचे रुग्ण निघाले. त्या वस्तीतील माणसांच्या अंगावरून पकडलेल्या ३० पिसवा लिस्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांपैकी १४ उंदरांच्या निघाल्या. एरवी, प्लेग नसताना, माणसांवरून गोळा केलेल्या २४६ पिसवांत त्यांना उंदराची पिसू एकच सापडली होती. यजमान उंदीर मेल्यावर भुकेली पिसू माणसाकडे वळते, हे या दोन आकड्यांत उघड झाले. राणीच्या बागेत गिनीपिग प्लेगने मेले तेव्हाही त्यांच्यावर उंदरांच्या पिसवा मिळाल्या. मग लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांचा पिसवांच्या सापळ्यासारखा उपयोग केला.

हे सारे त्यांनी १९०४ मध्ये मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'पुढे मांडले. पशुपक्ष्यांच्या अभ्यासकांच्या सभेत प्लेगवर व्याख्यान, हे आज विचित्र वाटेल. पण प्रश्न मुळात प्राणिशास्त्राचाच आहे, ही लिस्टन यांची भूमिका होती.

१९०५ पासून नव्या प्लेग संशोधन आयोगाने सी. जे. मार्टिन यांच्या मार्गदर्शनाखाली परळला या तर्काची कसून परीक्षा घेतली. लिस्टन त्यात होतेच. पिसवांनी भरलेल्या खोल्यांत प्राण्यांचे पिंजरे काही जमिनीलगत, काही दोन फूट उंचीवर टांगले. पिसवेची उडी जेवढी, तेवढ्याच उंचीपर्यंत प्लेग पोचला. काही पिंजऱ्यांभोवती चिकट पदार्थाचा, उडीच्या टप्प्याबाहेरचा रुंद पट्टा लावला. त्यांतले प्राणी वाचले. हवा तीच, जमीन तीच, फरक फक्त पिसवेचा. मुंबईभरातून गोळा केलेले लाखाहून अधिक उंदीर वर्षभरात तपासले गेले. ते पकडून आणणाऱ्या, फाडून पाहणाऱ्या शेकडो हातांची नावे अहवालांत शोधूनही मिळत नाहीत, ही त्या काळाची रीत. प्लेग मात्र लगेच आटोपला नाही. १९०७ या एकाच वर्षी देशात त्याने बारा लाखांहून अधिक बळी घेतले. पण माणसांना घराबाहेर फरफटत नेण्याला आता शास्त्राचा आधार उरला नाही. रोख उंदरांकडे वळला.

एलिचपूरचा डास लिस्टन यांना मुंबईत पुन्हा भेटला. बंदरात नव्या गोदीचे काम चालू असताना हिवतापाची साथ आली, तिच्याविषयी त्यांनी १९०८ मध्ये लिहिले. पाठोपाठ बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातील हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत आणि त्यांत वाढणाऱ्या स्टीफेन्सीत असल्याचे दाखवले. विहिरी झाकायच्या की बुजवायच्या यावरून बराच वाद झाला. पारशी समाजात विहिरीला धार्मिक महत्त्व असल्याने तेथून तीव्र विरोध झाला. शहरातील हिवतापाविरुद्धची लढाई टाक्या आणि हौद झाकण्याच्या मुद्द्यावर येऊन अडते, ती तेव्हापासून.

पुढे लिस्टन परळच्या या संस्थेचे संचालक झाले. १९०६ मध्ये तिचे नाव 'बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' झाले होते. हाफकिन यांचे नाव तिला १९२५ मध्ये मिळाले. जहाजांतील उंदीर विषारी वायूने मारण्याच्या पद्धतीवर लिस्टन यांनी काम केले. याच प्रयोगशाळेत तुरखुड यांनी १९१३ च्या सुमारास, पाण्यातील सूक्ष्म जलकीटक पोटात गेल्याने माणसाला नारू होतो याचा प्रायोगिक पुरावा मिळवला. पायविहिरींचे पाणी पिणाऱ्या गावांना हा रोग किती जाचला, हे जुन्या पिढीला सांगायला नको. भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये जाहीर केले.

१९२४ मध्ये लंडनच्या प्रतिष्ठेच्या मिलरॉय व्याख्यानमालेत लिस्टन प्लेगवर बोलले. निवृत्तीनंतर एडिंबरा येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेत ते काम करीत राहिले. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. डासांच्या एका जातीला काही काळ त्यांचेही नाव होते. नामकरणाच्या नियमांत ते मागे पडले आणि पुस्तकांतून गेले.

त्यांनी नाव दिलेला डास मात्र पुन्हा चर्चेत आहे. आशियापुरता मानला जाणारा स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुती येथे सापडला. नंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, घाना, केनिया अशा देशांतून त्याच्या नोंदी होत गेल्या. इथिओपियात दिरे दावा शहरात २०२२ मध्ये हिवतापाची साथ आली, तिच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. आफ्रिकेतील हिवताप हा मुख्यतः खेड्यांचा आजार. हा डास मात्र शहरातल्या टाक्यांत, बांधकामावरच्या पाण्यात मजेत वाढतो आणि वर्षभर टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याविषयी इशारा दिला. अडचण अशी, की आफ्रिकेतील डास ओळखण्याच्या जुन्या तक्त्यांत ही जात नव्हतीच. तिथला नेहमीचा 'गॅम्बिई' हाही पायांवर ठिपके असलेला डास, त्यामुळे कर्मचाऱ्याने तो तक्ता प्रामाणिकपणे वापरला तरी पाहुणा डास स्थानिकाच्या नावावर खपून जाण्याचा धोका होता. २०२० मध्ये तेथील सुधारित तक्ता प्रसिद्ध झाला, त्यात स्टीफेन्सीचा समावेश करण्यात आला. प्राणिशास्त्राच्या प्रथेप्रमाणे जातीच्या नावापुढे नामकरण करणाऱ्याचे नाव आणि साल लिहितात. या डासापुढे लिहिले जाते, लिस्टन, १९०१. आणि मूळ नमुन्याचे ठिकाण, एलिचपूर.